किल्ली कोणाच्या कमरेला?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्राम परिषदेपुढे एक ठराव आला. सभागृहामागच्या लहान खोलीत तीन जुने संगणक आहेत. एका भल्या माणसाच्या कार्यालयाने आपली यंत्रे बदलली तेव्हा ती टाकून देण्याऐवजी त्याने आम्हांला आणून दिली. शाळा सुटल्यावर मुले तेथे येऊन बसतात. ठराव असा की, हे संगणक भंगारात द्यावेत आणि ती खोली मांडवाचे सामान, खुर्च्या व लाऊडस्पीकर ठेवण्यासाठी मोकळी करावी. कारण विचारले तेव्हा सूचक महाशय म्हणाले, "फादर, पोरं तिथं नुसती खेळत बसत्यात." अनुमोदकांनी मान डोलावली. मान डोलावताना त्यांचा अंगठा मोबाइलच्या पडद्यावर खालून वर, खालून वर असा फिरतच होता.

मला राग आला. परंतु तो त्या दोघांचा नव्हे. "नुसती खेळतात" हा युक्तिवाद या लोकांना कोणी शिकवला? आम्हीच. व्यासपीठावरून, पापनिवेदनाच्या कक्षातून, पालकसभांतून आम्ही धर्मगुरूंनी आणि शिक्षकांनी तो पंचवीस वर्षे शिकवला. मी स्वतः तो शिकवला आहे आणि त्याची हकिगत पुढे सांगणार आहे. तेव्हा हा लेख दुसऱ्या कोणाला धारेवर धरण्याआधी लेखकाला धरतो, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

पण आधी दुसऱ्या एका गोडगैरसमजाचा समाचार घेतला पाहिजे. अलीकडे रविवारच्या पुरवण्यांत माझ्या वयाचे लेखक आठवणी लिहितात. घरी पहिला संगणक कसा आला, टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून खेळ कसा चढवायचा, तो चढताना किरकिर आवाज कसा यायचा, पडद्याच्या कडांना रंगीत पट्टे कसे धावायचे, भावंडांची भांडणे कशी व्हायची. लेख वाचायला गोड असतात आणि बहुधा शेवटी एक वाक्य येते: आमची पिढी संगणकाबरोबर वाढली. मी पेन खाली ठेवून विचारतो, कोणाची पिढी? माझा जन्म त्याच वर्षांतला. मी देवळाली प्रवऱ्यात वाढलो. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. हंगाम सुरू झाला की घरात मळीचा वास आणि हंगाम संपला की उधारीची वही. आमच्या गल्लीत पहिला दूरदर्शन संच आला तो कृष्णधवल, आणि तोही ज्यांच्या घरी होता त्यांच्या खिडकीतून पाहायचा. संगणकाबरोबर वाढणे तर सोडाच, संगणक ही वस्तू आहे की पदवी आहे हेही आम्हांला ठाऊक नव्हते.

मी पहिला संगणक पाहिला तो १९८५ साली, नववीत असताना, शहरातील वसतिगृहाच्या शाळेत. शाळेचे नाव सांगत नाही. त्या शाळेने मला पुष्कळ दिले आहे. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांतील संगणक साक्षरतेची 'क्लास' नावाची योजना सुरू केली. सुरुवातीला देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळा निवडल्या गेल्या. तेव्हा देशात चारशेहून अधिक जिल्हे होते. म्हणजे जिल्ह्यामागे एक शाळाही वाट्याला येत नव्हती. यंत्रे ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीची, 'बीबीसी मायक्रो' नावाची. ब्रिटिश नभोवाणी संस्थेने १९८२ मध्ये सामान्य जनतेला संगणक शिकवण्यासाठी दूरचित्रवाणीवर मालिका सुरू केली, तिच्या जोडीला हे यंत्र तयार झाले होते.

आमच्या शाळेत त्या यंत्रासाठी एक खोली राखली गेली. खिडक्यांना पडदे आले. गावात वीज येई-जाई, पण त्या खोलीला स्टॅबिलायझर होता. दाराला पितळी कुलूप आणि कुलपाची किल्ली कारकुनांच्या कमरेला. आठवड्यातून एकदा आमच्या वर्गाची पाळी येई. दाराबाहेर चपला काढायच्या, हात धुऊन आल्याची खात्री द्यायची आणि भिंतीशी रांगेने उभे राहायचे. धूळ आत जाऊ नये हे त्याचे कारण, आणि ते कारण खोटे नव्हते. परंतु दाराबाहेर चपला काढून, हात मागे बांधून, कशालाही न शिवता उभे राहण्याचा सराव आमच्यापैकी बऱ्याच मुलांच्या घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. आमच्या आजोबांनी ज्या दाराशी तसे उभे राहणे सोडून दिले आणि ख्रिस्तमंदिराची वाट धरली, त्या दाराची आठवण मला त्या खोलीपाशी का व्हावी, हे मला तेव्हा उमगले नाही. आज उमगते.

शिक्षक बटण दाबत. दोन सुरांची एक शीळ होई आणि काळ्या पडद्यावर यंत्राचे नाव उमटे; खाली कोनासारखी एक खूण आणि तिच्या शेजारी लुकलुकणारी एक रेघ. बस्स. यंत्र काही करीत नसे. ते वाट पाहत असे. फळ्यावर शिक्षकांनी बेसिक भाषेतल्या चार ओळी लिहून दिलेल्या असत. त्या त्यांनी स्वतःच टंकित करायच्या आणि आम्ही पाहायच्या. दोन वर्षांत त्या यंत्राच्या कळांना माझे बोट एकदाही लागले नाही. ती लुकलुकणारी रेघ मात्र मी विसरलो नाही. कोणी तरी आपल्याला काही विचारते आहे आणि आपल्याला उत्तर देण्याची परवानगी नाही, असे मला त्या भिंतीशी उभे असताना वाटे.

आता त्याच वर्षांत जगात इतरत्र काय चालले होते ते पाहा. क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी एप्रिल १९८२ मध्ये 'झेडएक्स स्पेक्ट्रम' बाजारात आणला. ४८ किलोबाइट स्मृती, रबरी कळा, किंमत १७५ पौंड. घरातला दूरचित्रवाणी संच हाच त्याचा पडदा आणि घरातला टेपरेकॉर्डर हीच त्याची साठवण. तो पन्नास लाखांहून अधिक विकला गेला. मॅथ्यू स्मिथ नावाच्या सतरा वर्षांच्या आसपासच्या मुलाने १९८३ मध्ये त्यावर 'मॅनिक मायनर' हा खेळ रचला. पुढल्याच वर्षी, १९८४ मध्ये, डेव्हिड ब्रेबन आणि इयान बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रोवर 'एलिट' हा खेळ लिहिला. ३२ किलोबाइट स्मृतीच्या यंत्रात त्यांनी ताऱ्यांची आख्खी नगरी वसवली. हे तेच यंत्र, वाचकहो, ज्याच्यासमोर आम्ही हात मागे बांधून उभे होतो!

आणि फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स पाहा. त्याचा जन्म डिसेंबर १९६९चा, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचा. त्याचे आजोबा हेलसिंकी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. १९८१च्या सुमारास त्यांनी 'व्हीआयसी-२०' नावाचा एक छोटा संगणक घेतला आणि नातवाला मांडीवर बसवून त्याच्याकडून आज्ञा टंकित करून घेतल्या. हाच मुलगा पुढे खेळ लिहिता लिहिता मोठा झाला आणि १९९१ मध्ये त्याने 'लिनक्स' ही प्रणाली जगाला मोफत दिली. आपल्या खिशातल्या बहुतेक मोबाइलांच्या तळाशी आज तीच चालते. आजोबांची मांडी मलाही लाभली होती. त्या मांडीवर बसून मी उसाची कांडी सोलायला शिकलो आणि जपमाळ शिकलो, आणि त्याबद्दल मला जन्मभर कृतज्ञता आहे. प्रश्न बुद्धीचा नव्हताच. एका मुलाला मांडी आणि कळा दोन्ही मिळाल्या आणि दुसऱ्याला कळांच्या जागी कुलूप मिळाले, एवढाच तो फरक.

भारतात घरगुती संगणक मुळीच नव्हते असे नाही. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ मध्ये परवान्याने स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती काढली आणि ती काही हजार घरांत पोहोचलीही. पुरवण्यांतले आठवणीकार त्याच घरांतले असावेत. त्यांचा मला हेवा नाही. त्यांनी फक्त 'आमची पिढी' म्हणताना बोट कोणाकडे जाते आणि कोणाकडे जात नाही ते पाहावे.

देवळालीत यंत्र आले ते दुसऱ्या दाराने आले. मी तोवर पुण्याच्या सेमिनरीत होतो. सुट्टीत घरी आलो की बदल दिसे. साधारण १९९३-९४ पासून श्रीरामपूरच्या बाजारात 'टीव्हीचा गेम' मिळू लागला. राखाडी किंवा तांबडी-पांढरी पेटी, दोन वायरींना लोंबणारी दोन बटणफळे, एक प्लॅस्टिकचे पिस्तूल आणि वर खोचायची चौकोनी 'कॅसेट'. कॅसेटवर 'नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव खेळ' असे छापलेले असे आणि आत खरे खेळ डझनभरही नसत. तेच तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा यायचे. (पुढे निवडणुकीचे जाहीरनामे वाचताना मला त्या कॅसेटची हमखास आठवण होई.) ज्यांना पेटी परवडत नसे त्यांच्यासाठी गावात एका केशकर्तनालयाच्या मागच्या खोलीत दोन संच मांडलेले होते, अर्ध्या तासाचे भाडे द्यायचे आणि वीज गेली की मालकाशी उरलेल्या मिनिटांवरून भांडायचे. मारिओ, बदके मारण्याचा खेळ, आणि 'कॉन्ट्रा'. वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, आणि मग दोन बटणे दाबली की तीन ऐवजी तीस जीव मिळतात, हा मंत्र प्रश्नोत्तरीतली उत्तरे न येणाऱ्या मुलांनाही तोंडपाठ होता.

ही यंत्रे म्हणजे काय होते? निन्टेंडो या जपानी कंपनीने जुलै १९८३ मध्ये 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचा खेळसंच काढला. नावातच संगणक आहे, हे लक्षात घ्या. जगभरात तो सहा कोटींहून अधिक विकला गेला. आपल्या बाजारातल्या पेट्या या त्याच्या नकला होत्या, बहुतेक विनापरवाना. सातव्या आज्ञेचा विचार त्या कोणी बनवल्या त्याला, पण तो मुद्दा आज बाजूला ठेवतो. मला सांगायचे आहे ते निराळेच. बीबीसी मायक्रोच्या पोटात '६५०२' नावाचा प्रक्रियक होता. सेकंदाला वीस लाख ठोके. निन्टेंडोच्या पेटीचा प्रक्रियक त्याच ६५०२च्या घराण्यातला, सेकंदाला सुमारे अठरा लाख ठोके. म्हणजे शाळेने पडदे लावून, स्टॅबिलायझर बसवून, चपला काढायला लावून ज्याचा मान राखला आणि केशकर्तनालयाच्या मागच्या खोलीत ज्याला आम्ही दळभद्री म्हटले, त्या दोघांचा मेंदू सख्ख्या भावांचा होता! एकाला कळफलक होता पण हात लावायची बंदी. दुसऱ्याला हात लावायची मुभा, पण कळफलक नाही. आमच्या मुलांना यातले निम्मे-निम्मेच मिळाले. आणि जेथे दोन्ही एकत्र आले तेथे आम्ही काय केले, तीच ती हकिगत.

१९९८ साली मला गुरुदीक्षा मिळाली. पुढच्या वर्षी नाताळानंतर मी घरी आलो होतो. २६ डिसेंबर १९९९, रविवार, पवित्र कुटुंबाचा सण. प्रमुख धर्मगुरूंनी प्रेमाने मला प्रवचन करायला सांगितले. घरचा मुलगा व्यासपीठावर. आई पहिल्या ओळीत. मी जोरात होतो. नाझरेथच्या घरात येशूने सुताराच्या हत्यारांशी खेळ केला, आणि आजच्या घरांत मुले कशाशी खेळतात, असा प्रश्न टाकून मी टीव्हीच्या गेमवर घसरलो. वेळेचा अपव्यय, डोळ्यांचा नाश, हिंसेचा धडा, जपमाळेची हकालपट्टी. काहीही शिल्लक ठेवले नाही. लोकांनी नंतर हात हातात घेऊन अभिनंदन केले.

आमच्या नात्यातल्या एका गृहस्थाने त्याच नाताळाला आपल्या बारा वर्षांच्या मुलासाठी श्रीरामपूरहून तशी पेटी आणली होती. ती साधी नव्हती. तिला कळफलक होता, कारण दुकानदाराने 'अभ्यासाचा कॉम्प्युटर' म्हणून ती विकली होती. मिस्सा संपवून ते गृहस्थ घरी गेले, पेटी उपसली, वायरी गुंडाळल्या आणि पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत घालून कुलूप लावले. धर्मगुरूचा शब्द तो! मला हे कळले तेव्हा मला आनंद झाला, हेही कबूल करतो.

वीस वर्षांनी, २०१९ मध्ये, एका वर्षश्राद्धाच्या जेवणाला तो मुलगा माझ्या शेजारी बसला. आता तो कारखान्याच्या रस्त्यावर मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो; हात कुशल आहेत, संसार नीट आहे. बोलता बोलता म्हणाला, "फादरकाका, त्या गेमच्या डब्यात एक कॅसेट होती. ती लावली की खेळ येत नव्हता, नुसती रेघ लुकलुकायची. मला वाटलं बिघडली. मग सोबतच्या पुस्तकात बघून बघून टाइप केलं. आजीचं नाव इंग्रजीत, आणि खाली 'गोटू दहा'. सगळा पडदा आजीच्या नावानं भरला. आजी रडली." डबा बंद केला की लिहिलेले सारे पुसून जाई, म्हणून त्याने त्या ओळी शाळेच्या वहीत उतरवून ठेवल्या होत्या. नाताळाच्या पहाटेपासून दुसऱ्या दिवशीच्या मिस्सेपर्यंत वहीची चार पाने भरली. "मग डबा ट्रंकेत गेला," तो म्हणाला, आणि भात कालवू लागला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला सोपे गेले असते.

ती लुकलुकणारी रेघ! मला चौदाव्या वर्षी भिंतीशी उभे राहून जी नुसती पाहायला मिळाली, ती त्या मुलाला एक दिवस उत्तर देण्यासाठी मिळाली होती, आणि तिच्यावर झाकण टाकणारा मी होतो. मी त्या यंत्राला कधी हात लावला नव्हता. त्यात काय आहे ते पाहिले नव्हते. न वाचलेल्या पुस्तकावर बंदी घालणाऱ्याला आम्ही हसतो. मी न पाहिलेल्या यंत्रावर बंदी घातली आणि लोकांनी माझे अभिनंदन केले.

माझ्या अज्ञानाला निमित्तही नव्हते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९० सालच्या जागतिक संप्रेषण दिनाचा विषयच मुळी 'संगणक संस्कृतीत ख्रिस्ती संदेश' हा ठेवला होता. त्या संदेशात तरुण पिढी संगणकाची भाषा चटकन आत्मसात करते आहे याबद्दल समाधान आहे आणि तरुणांवर भरवसा ठेवा असे आवाहन आहे. माझ्या प्रवचनाच्या नऊ वर्षे आधी! सेमिनरीच्या ग्रंथालयात तो संदेश नक्कीच असणार. मी काढून वाचला नाही.

खेळ म्हणजेच अधःपात, ही समजूत तरी कोठून आली? सेमिनरीत आम्ही संत ऑगस्टीन वाचला. आपल्या आत्मकथनात तो लिहितो की लहानपणी चेंडू खेळल्याबद्दल त्याला छड्या बसत, आणि छड्या मारणारी मोठी माणसे स्वतः तसलेच खेळ खेळत. फक्त त्यांच्या खेळाला कामधंदा म्हणत. संत थॉमस अक्वायनस तर आणखी पुढे जातो. अति खेळणे हा दोष आहेच. पण मुळीच न खेळणे आणि दुसऱ्याच्या खेळात विघ्न आणणे हाही त्याच्या मते दोष. मी ही प्रकरणे परीक्षेसाठी पाठ केली, उत्तीर्ण झालो आणि व्यासपीठावर चढताना खाली ठेवून गेलो. योगायोग असा की याच अक्वायनसच्या समग्र ग्रंथांतील प्रत्येक शब्दाची सूची संगणकाने करण्याचे काम एका धर्मगुरूनेच आरंभले होते. रोबेर्तो बुसा हे इटालियन येशूसंघीय १९४९ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या दारात गेले आणि पुढची तीसएक वर्षे त्यांनी त्या कामात घालवली. धर्मगुरू आणि यंत्र यांचे वैर हे आम्ही मागाहून रचलेले कथानक आहे.

आमच्याच तालुक्यात याहून जवळचा दाखला आहे. राहुरी तालुक्यातील केंदळ येथून १९०३ मध्ये हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीयांनी 'निरोप्या' मासिक सुरू केले. कोणासाठी? त्या वर्षी केंदळच्या पंचक्रोशीत वाचता येणारी आमची माणसे बोटांवर मोजण्याइतकी असतील. गरिबांच्या हातात कागद दिला तर ते होड्या करून खेळतील, असे त्यांनी म्हटले नाही. आमच्या आजोबांनी अक्षरे जुळवली ती त्यातून. काही मुलांनी होड्या केल्याही असतील. त्यामुळे मासिक बंद पडले नाही.

आता मला विचारतील, फादर, आजच्या मोबाइलवरच्या खेळांनी मुले बिघडतात हे तुम्हांला दिसत नाही काय? दिसते. तीनपत्ती आणि रमीच्या खेळांत ऊसबिलाचे पैसे घालवलेली घरे मी पाहिली आहेत आणि त्या घरांतल्या आया माझ्यापाशी येऊन रडल्या आहेत. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला तेव्हा मी मनापासून समाधान व्यक्त केले. जागतिक आरोग्य संघटनेनेही खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत जागा दिली आहे. परंतु याच दाखल्याने माझी बाजू बळकट होते. मारिओचा खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत मावत होता. आज आपण सकाळी पाठवतो त्या 'सुप्रभात'च्या एका चित्रालाही बहुधा त्याहून अधिक जागा लागते. तो खेळ संपायचा. पेटी तापायची, वीज जायची, आई टीव्ही मागायची. आजचा पडदा संपत नाही, कारण तो संपू नये यासाठी पगारी माणसे राबत आहेत. आणि त्या पडद्यावर ती लुकलुकणारी रेघ कोठेच नाही. तो काही विचारत नाही. फक्त पुढचे वाढतो. असले यंत्र आपण दीड वर्षाच्या बाळाला भरवताना त्याच्या हातात देतो, आणि ज्या यंत्रात अजूनही आज्ञा लिहिता येते ते भंगारात टाकण्याचा ठराव मांडतो. याला बिघाड नको म्हणायचे तर काय म्हणायचे?

ब्रिटनमध्येही ही रेघ हरवली होती. केंब्रिजमध्ये संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांना पूर्वीच्या मुलांइतके प्रोग्रॅम लिहिता येत नाहीत, हे एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले. त्यांनी रडगाणे गायिले नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी 'रास्पबेरी पाय' नावाचा, एटीएम कार्डाएवढा स्वस्त संगणक बाजारात आणला. त्या कामाच्या संस्थापकांत 'एलिट' लिहिणारा तो ब्रेबनही होता. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग आले. त्यांनी खेड्यापाड्यांतल्या लाखो मुलामुलींचे बोट कळांना लावले, हे मी मोठे काम मानतो. परंतु नोकरीच्या अर्जाला जोडायचे प्रमाणपत्र मिळाले की मुलाने पुन्हा कळफलकाकडे पाहिले नाही, अशीच घरे मला अधिक दिसली. बाळाला बोलायला शिकवून एकदा तोंडी परीक्षा घ्यावी आणि मग गप्प बसवावे, तसे ते झाले.

आणि आता आमच्या हाती आलेला संत. कार्लो अक्युटिस, जन्म १९९१, मृत्यू २००६. वयाच्या पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संतपद दिले. त्या आठवड्यात कितीतरी ख्रिस्तमंदिरांत त्याच्यावर प्रवचने झाली असतील. मी जी ऐकली त्या सर्वांत एक गोष्ट होती: त्याच्याकडे प्लेस्टेशन होते, पण तो आठवड्याला एकच तास खेळे. मुलांनो, शिका! पालक खूश. परंतु त्याच मुलाने संगणकाची पुस्तके आणवून घेतली, स्वतः प्रोग्रॅम लिहायला शिकला आणि पवित्र मिस्साबलिदानाशी निगडित चमत्कारांची माहिती देणारे संकेतस्थळ उभारण्यासाठी राबला, हा भाग आमच्या प्रवचनकारांनी एका वाक्यात गुंडाळला. आम्हांला त्याचा संयम हवा आहे, त्याचा कळफलक नको. संयमाला खर्च येत नाही. कळफलकाला खोली लागते, वीज लागते, शेजारी बसणारे मोठे माणूस लागते. एका तासाचे बंधन त्याने स्वतःवर घातले होते, कारण त्याच्यासमोर निवड होती. ज्याच्यापुढे ट्रंक आणि कुलूप आहे त्याने कसला संयम पाळायचा?

परिषदेत मी हे सारे एवढ्या विस्ताराने बोललो नाही. बोललो ते फारसे पटलेही नाही. मतदान झाले तेव्हा ठराव दोन मतांनी पडला, आणि त्यांतले एक मत आमच्या धर्मभगिनींचे होते, ज्यांना मांडवाचे सामान आपल्या व्हरांड्यात यायला नको होते. असो; मत ते मत. मात्र सूचक महाशयांचा एक आक्षेप रास्त होता: मुले एकटी बसतात, काय करतात कोण पाहते? म्हणून मी त्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला फोन केला. देवळालीहून येथवर मोटारसायकलने तास लागतो, दुकान बंद ठेवावे लागते. तो म्हणाला, "गुरुवारी गिऱ्हाईक कमी असतं, फादरकाका. गुरुवारी येतो."

तो येतो. तीनपैकी एक यंत्र त्याने उघडून दुसऱ्याचे भाग त्यात घातले, म्हणून आता चालू यंत्रे दोनच आहेत आणि रांग मोठी आहे. मुले खेळतात, मी दोनदा डोकावलो तेव्हा दोन्ही वेळा खेळच चालला होता. तिसऱ्या वेळी एक मुलगी आपल्या खेळातल्या बेडकाला रस्ता का ओलांडता येत नाही म्हणून त्याच्याशी हुज्जत घालीत होती आणि तो तिला सांगत होता, "मला नको विचारू, तू काय लिहिलंस ते वाच." चपला दाराबाहेर काढण्याची सूचना कोणी तरी जुन्या सवयीने भिंतीवर लावली होती, ती मी काढून टाकली. खोलीत धूळ होते. ती मुले झाडतात. किल्ली सभागृहाच्या दाराशी खिळ्याला टांगलेली असते, आठ वर्षांच्या मुलाचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर.